दोन बोटं उंच

गवंड्याने पहारीचं टोक दगडाखाली सारलं, वर दोन्ही हात ठेवले आणि सगळं अंग टाकलं. सातवी पायरी तसूभरही हलली नाही. त्याने बाहीने घाम पुसला आणि पहारीखालचा लाकडी ठोकळा आणखी आत सरकवला.

“हलली का?” कठड्यावरून वाकून शिंप्याने विचारलं. त्याच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत दोन टाचण्या.

“हलेल.”

“सकाळपासून हलेलच म्हणतोयस. एकदा तिलाच विचारून बघ, यायचंय का म्हणून.”

शिंप्याचं अक्षर बरं होतं, म्हणून घरातल्या नऊ बिऱ्हाडांनी त्याला चिटणीस केलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या विनोदांना हसणं सगळ्यांना भाग पडत होतं. गवंडी हसला नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नगर कार्यालयाचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. कठडा पक्का करा, भेगा बुजवा, सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या करा. महिनाअखेरीस तपासनीस येईल. जिना पास झाला नाही तर घर धोकादायक ठरवून रिकामं करण्यात येईल. पत्रात ‘कृपया’ दोनदा होतं, पण अर्थ तोच.

गवंड्याची बायको दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. पोटुशी होती, आठवा महिना सरत आला होता. लग्न झाल्यापासूनची ही चौथी जागा. आधीच्या तीन जागांमध्ये तिने बोचकी सोडलीच नव्हती. लागेल ते काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची. इथे आल्यावर मात्र दुसऱ्या महिन्यात तिने भिंतीवर आरसा टांगला. गवंडी कामावरून आला आणि त्याने आरसा पाहिला. त्या दिवशी त्याने जेवताना दोनदा वाढून घेतलं.

तेव्हा हा जिना पास व्हायलाच हवा होता.

जिना एकेचाळीस पायऱ्यांचा, दगडी. चाळीस पायऱ्या सारख्या आणि सातवी दोन बोटं उंच. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. शिंपी म्हणे, मूळचा गवंडी प्यायलेला होता. तळमजल्यावरचा कुलूपवाला म्हणे, वसुलीला येणारा माणूस कळावा म्हणून मुद्दाम ठेवलीय. कारण काहीही असो, नवा माणूस तिथे हमखास अडखळायचा. बुटाचं टोक दगडाला लागायचं, ठक्. घरच्या माणसाचा पाय आपोआप दोन बोटं जास्त उचलला जायचा आणि काहीच आवाज व्हायचा नाही.

आणि हा आवाज ऐकायला दहाव्या पायरीशी, पहिल्या मजल्यावर, काजवाली मावशी बसलेली असायची. तिची दृष्टी जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण शर्टांची काजं ती अजूनही हाताने करायची आणि टाके असे घालायची की डोळसाने लाजावं. दार सताड उघडं. ठक् ऐकू आलं की आतून यायचं, “सांभाळून हं, सातवी उंच आहे!” ठक् झालं नाही, नुसती पावलं वर आली, तर यायचं, “आलास का?” बाई असेल तर, “आलीस का?” पावलांवरून तिला ते बरोबर कळायचं. त्यावर “आलो” किंवा “आले” म्हणायचं आणि पुढे जायचं. दिवसातून पाच वेळा चढलं तर पाच वेळा. ही या घराची रीत होती. भांडण झालेलं असलं तरी उत्तर द्यावं लागायचं. फक्त आवाज जरा फुगलेला चालायचा.

गवंड्याच्या बायकोला तिसऱ्या आठवड्यातच “आलीस का?” मिळालं. गवंड्याला आठ महिन्यांत एकदाही नाही.

“तुमचा पाय भारीच हट्टी,” बायको म्हणायची.

“हट्टी नाही, जाणकार आहे. चुकीची पायरी त्याला पटत नाही.”

मग तो खाली बघून, मोजून चढू लागला. पाच, सहा, आणि सातवीला पाय मुद्दाम उंच. ठक् बंद झालं, पण मावशी फसली नाही. “सांभाळून हं,” ती आतून म्हणालीच. त्याने दारात जाऊन विचारलं, आता कुठे अडखळलो?

“सहावीवर थांबलास की रे जरासा. मोजून चढतोस तू.” तिने दोरा दाताने तोडला. “घरात कुणी मोजून चढतं का?”

अशी ही पायरी. आता ती पहारीखाली होती.

तिसऱ्या जोराला दगड करकरला आणि वर आला. गवंड्याने खाली ठोकळे सारले, शिंप्याला हाताशी बोलावलं आणि दोघांनी मिळून तो दगड भिंतीला उभा टेकवला. तेव्हा त्याला पहिल्यांदा तो समोरासमोर दिसला. मधोमध पावलांनी झिजून खळगा पडला होता, तसा तो प्रत्येक पायरीला होता. पण या दगडाच्या पुढच्या कडेला बारीक बारीक खाचा होत्या. शेकडो. एकावर एक, एकीशेजारी एक, कड सगळी कुरतडल्यासारखी झालेली. त्याने अंगठा फिरवला आणि त्याच्या लक्षात आलं की ही ठेचांची कड आहे. प्रत्येक खाच म्हणजे कुणाचा तरी इथला पहिला दिवस. हातात बोचकं, पुढे अंधारा जिना, आणि ठक्. त्यातली एखादी त्याच्या स्वतःच्या बुटाचीही असणार.

“काय झालं?” शिंप्याने विचारलं.

“काही नाही.” त्याने अंगठा मागे घेतला.

मग तो खाली वाकला. दगड बसला होता त्या जागी चुना आणि दगडाच्या चिपा असणार असं त्याने धरलं होतं. चुना होता, पण चिपा नव्हत्या. सगळ्यात वर लोखंडाच्या गुळगुळीत पट्ट्या होत्या, शिलाई मशीनवर सुईखाली असतात तशा, शेजारी शेजारी मांडलेल्या. त्या त्याने थापीने हळूच उचलल्या. खाली चुन्याचा पातळ थर आणि त्याखाली शिशाचे तुकडे, आडवे, ओळीने. एक उचलून त्याने फुंकला. छापखान्यातला खिळा होता, टोकाला उलटं अक्षर, त्याला न येणाऱ्या लिपीतलं. त्या थराखाली चामडं, बुटाच्या तळव्यांचे कापलेले जाड तुकडे, सुकून लाकडासारखे कडक झालेले. आणि तळाशी छपरावर घालतात तसली काळ्या दगडाची पाटी, तिला खिळ्याचं भोक अजून शाबूत.

गवंडी उकिडवाच बसून राहिला. त्याला कळायला वेळ लागला नाही, धंदाच तो होता. दगड जड असतो. पन्नास-साठ वर्षांत चुना दबतो, दगड खाली बसतो. म्हणजे ही पायरी दर दोन पिढ्यांनी आपोआप सरळ होत होती. इतरांशी सारखी, बिनचूक. आणि दर वेळी कुणीतरी तो दगड उचलून, खाली आपल्या हाताशी असेल ते घालून, पुन्हा दोन बोटं उंच केला होता. आधी छपरं शाकारणारे. मग चांभार. मग छापखान्यातले खिळे जुळवणारे. मग शिंपी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसेल. एकाचं सामान निघालं असेल आणि दुसऱ्याचं येत असेल, त्याच जिन्यावर, अंग चोरून. बाकी सगळं त्यांनी बदललं होतं. दारं, रंग, गल्लीतल्या पाट्या. तळमजल्यावरच्या एकाच दुकानात म्हणे आधी कोळसा विकला, मग जोडे, मग कागद, मग कापड, आता कुलपं. आणि ही चूक मात्र त्यांनी जपली होती, एकमेकांना न विचारता.

“बाप रे,” तो म्हणाला.

शिंप्याने ओठांतल्या टाचण्या काढून खिशात टाकल्या.

“मग? ठेवायची का तशीच?” तो म्हणाला.

“कशी ठेवणार? पत्र तूच वाचलंस ना?”

ते खरं होतं. गवंड्याने सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं, थर सांभाळून, मध्ये कागद घालून. मशीनच्या पट्ट्यांपैकी एक मात्र त्याने मावशीच्या हातात नेऊन दिली. तिने ती बोटांनी चाचपली, कडेवरून नख फिरवलं आणि एका कोपऱ्यातल्या चिरेवर तिचं बोट थांबलं.

“अगं बाई! ही तर माझ्या मशीनची.”

“पायरीखाली होती.”

“हरवली म्हणून दोन दिवस बोलले नव्हते मी आमच्या ह्यांच्याशी. आणि ते शपथेवर सांगत होते, मला काय माहीत!” ती हसायला लागली, हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. “चोर मेला. सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं?”

संध्याकाळपर्यंत नवा दगडी कपचा आणि सिमेंट पडलं. गवंड्याने पायरी बसवली, पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. सहावी, सातवी, आठवी. उंची सारखी, केसाचाही फरक नाही. इतकं नेटकं काम त्याच्या हातून क्वचित झालं होतं. तरी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर पडायला लागलं. म्हणजे माणसं. पाय सवयीने उंच उचलले जायचे, दोन बोटं खाली दगड असायचा आणि पाऊल धप्पकन आदळायचं. कुलूपवाला आदळला आणि त्याने शिवी दिली. शिंपी आदळला, त्याच्या हातातले सहा कोट जिनाभर पसरले. गवंड्याची बायको आदळली तेव्हा तिने पोट धरलं आणि गवंड्याचा जीव घाबरा झाला. मग दोन दिवस तिला तो हाताला धरूनच चढवत-उतरवत होता.

“सरळ पायरीवर पडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय,” तो चिडून म्हणाला.

“मग बघा आता मन भरून,” बायको म्हणाली.

मजा अशी की परका माणूस आता अडखळत नव्हता. टपालवाला बिनआवाज वर गेला. मावशी दचकली. आठवडाभरात मात्र तिने सगळं उलटं करून घेतलं. धप्प झालं की “आलास का?” आणि काहीच वाजलं नाही की “कोण आहे?” गवंडी स्वतः बिनआवाज चढत होता, अजूनही खाली बघूनच, आपलं काम बघायची सवय. त्याला रोज “कोण आहे?” ऐकावं लागत होतं. “मीच, मावशी,” तो म्हणायचा, आणि ती “अस्सं” म्हणायची. पूर्वीचं “सांभाळून हं” बरं होतं.

मग एके दुपारी मावशी नळावर जायला उतरली. आठवीवरून पाय टाकला, दगड रोजच्या जागी नव्हता, आणि ती गुडघ्यावर आली. गवंडी धावला. तिला उचलून त्याने खाटेवर बसवलं, पाणी आणलं, गुडघा धुतला. त्याला तोंड वर करवेना.

“मावशी, चुकलंच माझं.”

“तुझं कसं चुकलं? पायरी बरोबर आहे.” तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि डोक्यातला सिमेंटचा कण नखाने काढला. “पाय चुकला. साठ वर्षांची खोड.”

वर येऊन तो भिंतीला टेकून बसला. कोपऱ्यात त्याची हत्यारांची पिशवी होती. तिच्या तळाशी कापडात गुंडाळलेली एक थापी, पातं झिजून झिजून अर्ध्या तळव्याएवढं उरलेलं. ती त्याच्या वडिलांची होती. कामाला येत नव्हती, तरी चार जागा फिरून ती बरोबर आली होती. “कशाला वाहून नेता हे लोखंड?” असं बायकोने दर वेळी विचारलं होतं आणि दर वेळी त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

महिनाअखेरीस तपासनीस आला. पन्नाशी उलटलेला, काळा कोट, बगलेत फायली, खिशात स्वतःची टेप. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला तेव्हाच वरची मशीनं थांबली. सगळी दारं बोटभर उघडी राहिली आणि प्रत्येक फटीमागे कुणीतरी श्वास धरून उभं राहिलं. गवंड्याची बायको दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी होती, एक हात कमरेवर.

तपासनीस आत आला आणि जिन्याच्या तळाशी क्षणभर थांबला. पोकळीतून त्याने वर, थेट वरपर्यंत पाहिलं. मग कठडा हलवून बघितला.

“हा नवा?”

“हो साहेब. मीच बसवला,” गवंडी म्हणाला.

“ठीक. मोजमाप वरून खाली घेत येऊ.”

त्याने यादी उघडली आणि वाचत वाचतच चढायला लागला. गवंडी दोन पायऱ्या मागे. तीन. चार. माणूस परका, पायरी सरळ, काळजीचं कारणच नव्हतं. पाच. सहा.

धप्प.

पाऊल इतकं जोरात आदळलं की फायली बगलेतून निसटल्या आणि कागद चारी बाजूंना पसरले. वर शिंप्याने तोंडावर हात ठेवला. गवंड्याने मनात म्हटलं, संपलं. आता हा लिहिणार, जिना धोकादायक. आरसा काढावा लागणार.

“आलास का?” आतून मावशीने विचारलं.

“आलो,” तपासनीस म्हणाला.

तो वाकून कागद गोळा करत होता. मान खालीच होती. उत्तर देऊन झाल्यावर त्याचा हात थांबला, आणि मग तो फार सावकाश उभा राहिला.

“कोण रे?” मावशी म्हणाली. “हा आवाज नाही माझ्या ओळखीचा.”

“तिसरा मजला.” तो म्हणाला. “मागची खोली.”

“खिळे जुळवणाऱ्यांचा?”

“धाकटा.”

मावशीची सुई थांबली होती. “उशीर केलास,” ती म्हणाली.

तो तिच्या दाराशी आला, चौकट धरून काही वेळ उभा राहिला, मग वर गेला. तिथून एकेक पायरी मोजत तो खाली आला, आणि मोजमाप अगदी काटेकोर घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सातवीला त्याने दोनदा टेप लावली.

“बरोबर आहे.”

“हो साहेब.”

“माझाच पाय चुकला.” टेप गुंडाळता गुंडाळता त्याने आवाज खाली आणला. “हिच्याखाली जे होतं, ते टाकून दिलंत?”

गवंड्याने डबा आणला. तपासनिसाने वरचा कागद बाजूला केला, शिशाचा एक खिळा उचलला आणि त्याचं अक्षराचं टोक अंगठ्याच्या पेरावर दाबलं. उमटलेली खूण पुसट होईपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहिला. मग खिळा होता तिथे, ओळीत, परत ठेवला. फाईल भिंतीला टेकवून त्याने सही केली, शिक्का मारला आणि कागद गवंड्याच्या हातात दिला.

“आज जे पाहिलं ते लिहिलंय. दगडाचं काही सांगता येत नाही. कधी खाली बसतो, कधी वर येतो.” त्याने फायली पुन्हा बगलेत घेतल्या. “मी आता दहा वर्षांनी येईन. तेही निवृत्त झालो नाही तर.”

तो रस्त्यावर पोचायच्या आत घरात गलका उठला. शिंप्याने वरून टेपच खाली फेकली. गवंड्याला काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरून बायको वाकून बघत होती, तिला वरून काहीच कळलं नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती त्याला बघवत नव्हती. कागद उंच धरून तो धावत सुटला. पायऱ्यांकडे त्याने पाहिलंच नाही. तो तिच्याकडे पाहत होता.

धप्प.

तळपायातून झिणझिण्या थेट गुडघ्यापर्यंत गेल्या. स्वतःच्या हाताने, पाणसळ लावून, केसभर फरक न ठेवता बसवलेल्या पायरीवर तो कठडा धरून उभा राहिला.

“आलास का?” मावशीने आतून विचारलं.



“आलो,” तो म्हणाला. “आलो, मावशी.”

“अहो, काय झालं?” वरून बायको ओरडली. “पास ना? मग वर या की! तिथे काय उभे राहिलात?”

“पास!” त्याने कागद हलवला. “आलोच. आधी पहार घेऊन येतो.”

“आता परत पहार कशाला?”

तो तिच्याकडे बघून हसत होता, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

“ऐक ना,” तो म्हणाला. “पिशवीत बाबांची थापी आहे बघ, तळाशी, कापडात. तेवढी काढून ठेव.”